ओला उतारा, सुका उतारा

खाकी स्वेटर. एका कोपरावर धागा सुटलेला.

मिठाच्या पाण्यात बुडवलेली पंच्याची चिंधी.

काळ्या कापडाची बाहुली. तिचे डोळे मी काढले नाहीत. लेकीनं काढले, शाळेच्या खडूनं.

हिरवी बादली. कडी तुटलेली, तिच्या जागी सुतळी.

"माझा विश्वास नाही गं. पण गाडीचा आहे."

दातात अडकलेला खोबऱ्याचा तुकडा.

मेतकूट.

*

"पडली?" दस्तगीरमामांनी गाडीतूनच विचारलं.

"पडली."

"हावळकाकू?"

"मग काय तर."

पिशवी माझ्या पाठीमागं फुटली होती. चहाचा चोथा, वांग्याची देठं, कालची आमटी. मी बादली घ्यायला त्यांच्या दाराकडेच निघाले होते. गाडी समोर उभी, गाडीवर भोंगा चालू, मी हात पुढे केलेला. आणि काकूंनी माझ्या डोक्यावरून पिशवी भिरकावली ती थेट तिकटीच्या कोपऱ्यात.

"काकू, मी आले होते की."

"दिसतंय ना. म्हणून तर वरून टाकली. तुला लागू दिली का?"

"गाडीत टाकायची आता. कुंडी काढली इथली."

"कुंडी काढली, जागा काढली का?" काकू ओट्यावर बसल्या. "माझी सासू इथंच टाकायची. तिची सासू इथंच टाकायची. तू काल आलीस."

साळी गल्ली जिथं बाजाराच्या रस्त्याला मिळते ती तिकटी. गावात घंटागाडी नवीन होती तेव्हाची ही गोष्ट. नगरपालिकेनं सिमेंटच्या कुंड्या उचलल्या, गाड्या आणल्या, प्रत्येक गाडीवर एक चालक आणि एक मदतनीस दिला. चालक दस्तगीर मुल्ला. मदतनीस मी, बेबीनंदा लोंढे. अख्ख्या गावातल्या कुंड्यांच्या जागा हळूहळू साफ झाल्या. आमची ही एकच तेवढी होत नव्हती.

मी फावड्यानं पिशवी उचलली. आमटीचा वास फावड्याला राहिला.

*

त्याच सकाळी घाटगे मुकादम आले. त्यांची एमएटी दुचाकी बंद पडायची म्हणून ते ती चालूच ठेवून बोलायचे. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं.

"बेबीनंदा! नवे मुख्याधिकारी आलेत! येता सोडून पुढच्या सोमवारी गावात फिरणार! पायी!"

"फिरू देत की."

"या कोपऱ्यात त्यांना एक पिशवी जरी दिसली, तर तुझी गाडी सुटली! डेपोवर जायचं!"

"मी टाकते का कचरा?"

"मी टाकतो का? मग माझ्या नावानं कशाला ओरडतात?"

 ते खरंच होतं.

"आणि माझी?" मामांनी खिडकीतून विचारलं.

"तुम्हाला दुसरा मदतनीस मिळेल, दस्तगीरभाई. चालक कुठं मिळतात?"

एमएटी गेली.  मामांनी भोंग्याचा आवाज कमी केला, एवढंच.

*

डेपो म्हणजे नदीपलीकडचा डोंगर, जो निसर्गानं केलेला नव्हता. सकाळी ट्रॅक्टरनं जायचं, दिवेलागणीला परतायचं, दिवसभर ढीग उकरायचा. माझी लेक मित्रा तेव्हा दुसरीत. घरात आम्ही दोघीच. घंटागाडी दुपारच्या आत सुटते. शाळा सुटायच्या वेळी मी दारात असायचे. डेपोवर गेले असते तर ती कुलपापाशी बसली असती.

हे मी मुकादमांना सांगितलं. हे सगळ्यांना सांगता येण्यासारखं कारण होतं.

दुसरं मी कुणालाच सांगितलं नाही.

माझ्या आईनं याच गावात काम केलं. पाटी डोक्यावर, घरांच्या मागच्या बोळांतून, मागच्या दारांनी. तिला पुढचं दार कुणाचं कसं दिसतं हे माहीत नव्हतं. आणि मी? मी गाडीच्या मागच्या पायरीवर उभी असायचे. एका हातानं वरचा दांडा धरलेला, अंगात खाकी जाकीट, पदर खोचलेला, आणि गाडी बाजाराच्या रस्त्यानं, मधोमध, भोंगा लावून. समोरून जीप आली तर जीप बाजूला व्हायची. पुढच्या दारांतून माणसं बाहेर येऊन वाट बघत उभी राहायची.

त्या पायरीवरून मला कुणी खाली उतरवणार नव्हतं.

*

काय काय करून पाहिलं:

पाटी लावली. 'येथे कचरा टाकू नये.' काकूंच्या सुनेनं तिच्यावर पोराची लंगोटी वाळत घातली.

ओरडले. गल्लीनं ऐकून घेतलं. गल्लीला ऐकून घ्यायची सवय होती.

कोपरा धुतला, सारवला, ठिपक्यांची रांगोळी काढली. मोठी, कमळाची. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर रांगोळीचा एक ठिपकादेखील मोडला नव्हता. सगळ्यांनी अगदी सांभाळून, कडेकडेनं टाकलं होतं. एका शहाण्यानं तर कमळाच्या मधोमध खरकटी पत्रावळ नैवेद्यासारखी ठेवली होती.

मामा इतके हसले की त्यांना गाडी सुरू करता येईना.

"हसा. तुम्हाला दुसरा मदतनीस मिळणार आहे."

"नको बाई मला दुसरा," मामा डोळे पुसत म्हणाले. "दुसरा कुठून रांगोळी काढणार?"

*

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी गाडी अचानक वाकडी झाली. मी दांडा घट्ट धरला. मामांनी उजवी चाकं गटाराच्या कठड्यावर चढवली, गाडी तिरकी करून पुढं काढली आणि परत सरळ रस्त्यावर घेतली.

मी मागं बघितलं. रस्त्याच्या मधोमध उतारा होता. कुणाला बाधा झाली, दृष्ट लागली, की त्याच्यावरून ओवाळून तीन रस्त्यांवर ठेवून येतात तो. नारळ, लिंबू, दहीभात, वर हळदकुंकू.

"मामा! तुम्हीसुद्धा?"

"काय मीसुद्धा?"

"तुमचा विश्वास आहे असल्यावर?"

"माझा विश्वास नाही गं. पण गाडीचा आहे. गेल्या वर्षी एकावरून गेली, तर क्लचप्लेट गेली."

मी परत मागं बघितलं. एक सायकलवाला उतरून सायकल हातात धरून वळसा घालून चालला होता. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल लांबूनच गल्लीत वळली. शाळकरी पोरं हात धरून भिंतीला चिकटून पलीकडे गेली. एवढा मोठा रस्ता, आणि त्या मूठभर भाताच्या आसपास कुणाचं पाऊल पडत नव्हतं.

पाटीनं झालं नव्हतं. रांगोळीनं झालं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "उद्या बाजारात जरा थांबा."

"का?"

"लिंबं घ्यायचीत."

*

आमच्या घरात उतारा नसतो. आईनं मला वंदना शिकवली, पंचशील शिकवलं. नारळ ओवाळायला शिकवलं नाही. पण तिकट्या झाडणाऱ्या बाईला उतारा कसा असतो ते कुणी शिकवावं लागत नाही. मी तसलाच केला. खरं सांगायचं तर त्याहून सरस केला. पत्रावळीवर दहीभाताची मूद. लिंबाला टाचण्या. बिब्बा. मीठ, सात मिरच्या. शेंडीवाला नारळ, त्याला कुंकवाची पाच बोटं. आणि काळी बाहुली, माझ्या जुन्या परकराच्या अस्तराची.

मित्रा अभ्यास सोडून बघत बसली होती.

"आई, हिला डोळे नाहीत."

"नसू देत."

"मग ती लोकांना कशी बघेल?"

तिनं खडू आणून डोळे काढले. एक मोठा, एक बारका. त्या डोळ्यांनी बाहुली अशी काही दिसायला लागली की क्षणभर मलाच तिच्याकडं पाठ करवेना.

मंगळवारी उजाडायच्या वेळी, गाडी काढायच्या आधी, मी तो तिकटीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. दोन तासांनी त्याच कोपऱ्यावर गाडीच्या पायरीवरून उतरले.

"काय गं हे?" मामा म्हणाले.

"मला काय माहीत? मी आत्ताच आले तुमच्याबरोबर."

मामांनी आधी बाहुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग काल बाजारात मी घेतलेली लिंबं त्यांना आठवली असावीत. ते आकाशाकडे बघायला लागले आणि गल्ली संपेपर्यंत आकाशाकडेच बघत होते. गाडी कशी चालवली त्यांचं त्यांना माहीत.

*

बुधवारी कोपरा रिकामा. उतारा सोडून.

गुरुवारी रिकामा.

गुरुवारी हावळकाकू हिरवी बादली घेऊन स्वतः ओट्याच्या पायऱ्या उतरून आल्या. बादलीची कडी तुटली होती, तिथं सुतळी बांधलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या हातात काकूंनी दिलेली ती पहिली वस्तू.

"तिकडं टाकायची सोय राहिली नाही बाई," त्या कुजबुजल्या. "बघितलंस ना? किती साग्रसंगीत आहे. कुणा जाणत्याचं काम आहे ते. असातसा नाही बांधलेला."

"हो का?"

"बाहुलीचे डोळे बघ. तसले डोळे काढणारा माणूस आता पंचक्रोशीत उरला नाही."

मला घरी जाऊन मित्राला हे सांगायची घाई झाली. पण त्या दिवशी सांगता आलं नाही. ती शाळेतून आली तीच डोळे लाल घेऊन. गावात तापाची साथ होती, साळी गल्लीत तर घरटी एक पोर अंथरुणावर. मी मिठाच्या पाण्यात पंच्याची चिंधी बुडवून तिच्या कपाळावर ठेवत बसले. डॉक्टर म्हणाले, चारदोन दिवसांत उतरेल, एकाचा दुसऱ्याला होतोय, जपा.

शुक्रवारी कोपरा रिकामा. शनिवारीही. मुकादम येऊन बघून गेले. "काय केलंस गं?" असं त्यांनी विचारलं, आणि उतारा दिसल्यावर एमएटी पुढं जाऊन थांबवली. "राहू दे. सोमवारी सकाळी तेवढा हलव."

इथपर्यंत मी जिंकले होते.

शनिवारी संध्याकाळी अमावास्या लागली.

*

रविवारी सकाळी दस्तगीरमामांनी तिकटीच्या बऱ्याच अलीकडे गाडी उभी केली.

"का थांबलात?"

"तूच बघ."

कोपरा भरला होता. पिशव्यांनी नाही. उताऱ्यांनी. नारळावर नारळ, लिंबं, भात, पुरणाचे दिवे, सुया, बिब्बे, काळे दोरे, कणकेच्या बाहुल्या, कापडाच्या बाहुल्या. मधोमध माझी बाहुली, एक डोळा मोठा, एक बारका. बाकीच्यांनी आपापले उतारे तिच्याभोवती मांडून ठेवले होते, पाहुण्यांना जागा करून द्यावी तसे.

घरटी एक पोर तापात. आणि गल्लीत अशी जागा, जी जाणत्यानं निवडलेली. शनिवार, वर अमावास्या. त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

"या अल्ला," मामा म्हणाले. "बेबी, तू देऊळ काढलंस."

गल्ली ओट्या-ओट्यांवर उभी होती. मुकादम आले, लांबूनच ओरडले. "हे काय! उद्या साहेब येणार! अग्निशमनची गाडी मागवू का? पाणी मारू?"

"मारा," मामा म्हणाले, "म्हणजे सगळ्या गावात वाहत जाईल."

दुसऱ्या गाडीवरचे दोघे मदतनीस बोलावले. ते येऊन बघून परत गेले. एकाची बायको गरोदर होती. दुसऱ्यानं कारणही सांगितलं नाही.

मी पायरीवरून उतरले आणि गाडीतून फावडं न घेता दोन टोपल्या घेतल्या.

"बेबी, नको," मामा म्हणाले. "तुझं बरोबर आहे, माझंच चुकीचं असेल. पण नको."

मी कोपऱ्याकडे चालले तशा हावळकाकू ओट्यावरून उतरल्या. पण त्या कोपऱ्यापासून लांब थांबल्या.

"हात लावू नकोस."

"काकू, उद्या हे इथं दिसलं तर मला डेपोवर टाकतील."

"टाकू देत. डेपोवरून माणूस घरी येतो. तू लेकुरवाळी आहेस, बाई. या गल्लीतली सगळी इडापिडा आहे तिथं. आमच्या नातवाचा, विघ्नेशचा ताप आहे त्यात. मीच ठेवलाय काल."

त्या मला घाबरवत नव्हत्या. त्यांचे हात जोडलेले होते. हे बघितल्यावर मला खोटं लांबवता येईना.

"काकू, पहिला मी ठेवला होता."

"काय?"

"मधला. बाहुलीवाला. मी केला घरी. तुम्ही पिशव्या टाकू नयेत म्हणून. लिंबं बाजारातून आणली, मामांना विचारा. डोळे माझ्या लेकीनं काढलेत. ती दुसरीत आहे."

 एक बाई हसली. मग काकू म्हणाल्या, "आमचं मन राखायला असलं खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही हो!"

"तो ठेवल्यावर विघ्नेशला तीन दिवसांनी उतार पडलाय. तुझ्या लेकीच्या खडूनं?"

"चारदोन दिवसांत उतरतोच तो! डॉक्टर म्हणाले!"

"डॉक्टर काय, म्हणणारच."

मग मी मामांकडे बघितलं. मामा गाडीतून म्हणाले, "खरं आहे, काकू. लिंबं माझ्यासमोर घेतली." आणि काकू म्हणाल्या, "तुम्ही तिचेच."

बोलून काही होणार नव्हतं. मी खाली बसले आणि हात घातला.

*

ते काम मी कसं केलं हे मला अजून आवडीनं आठवतं. फावड्यानं ओढून एका दमात गाडीत फेकता आलं असतं. पण मी घंटागाडीवरची होते. मी वेगळं केलं.

"भात," मी मोठ्यानं म्हटलं. "ओला." एका टोपलीत.

"लिंबू. ओलं. टाचण्या काढल्या. टाचण्या सुक्या."

"पुरणाचा दिवा. ओला. वात?"

 मग मागून, गाडीच्या खिडकीतून आवाज आला. "कापूस. तेलकट आहे. ओल्यात टाक."

"कणकेची बाहुली. ओली."

"ओली," मामा.

"काळा दोरा."

"सुका." मामांचा आवाज जवळ आला होता. त्यांनी गाडीचं दार उघडलं होतं.

"मिरच्या."

"ओल्या. बिब्बा?"

"बिब्बा काय म्हणायचा, मामा?"

"बी आहे. झाडाचं आहे. ओल्यात." मामा आता माझ्या शेजारी उभे होते. हात मागं बांधलेले, पण उभे होते. "पत्रावळी ओल्यात. ही कागदाची कुणी ठेवली? उतारा ठेवायचा तर पानावर ठेवावा ना! सुक्यात."

ओट्यावरून कुणीतरी बोललं, "आमची नाही हं ती."

"मग कुणाची? मेण लावलेली आहे. हावळांची का?"

"आम्ही केळीच्या पानावर ठेवलाय!" काकू ताडकन म्हणाल्या.

आणि तिथं गल्लीला पहिलं हसू फुटलं. आपल्याच इडापिडेवर.

शेवटी माझी बाहुली राहिली. मी तिला उचलून मामांपुढं धरली.

"कापड," मामा म्हणाले. "सुकी." आणि त्यांनी मागं बांधलेला हात सोडवून पुढं केला, तिला माझ्या हातातून घेतलं, सुक्याच्या टोपलीत ठेवलं. हळू ठेवलं. पण ठेवलं.

नारळ उरले होते. मी एक घेतला, कठड्यावर आपटला, पाणी प्याले, दातांनी खोबरं तोडलं आणि सगळ्यांच्या देखत खाल्लं. गोड होता. काकूंनीच ठेवलेला असावा. त्या चांगलाच नारळ घ्यायच्या.

*

काकूंनी माझं खाणं संपेपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या येशील का तू?"

"म्हणजे?"

"उद्या सकाळी. त्या पायरीवर उभी राहून. येशील का?"

आता कुणी हसत नव्हतं. त्या सगळ्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं. उद्या मी आले नाही, अंथरूण धरलं, तर त्या कोपऱ्याला मग कुणी हात लावणार नव्हतं. ना मी, ना माझ्यामागून येणारी दुसरी कुणी. लोक म्हणाले असते, लोंढ्यांच्या पोरीनं लावला होता हात. आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा भरला असता.

"येईन," मी म्हटलं. "भोंगा लावून येईन."

"आलीस तर," काकू म्हणाल्या, "इथं पिशवी टाकणाऱ्याचा हात मी धरीन. मी स्वतः. या ओट्यावर बसून."

"आणि धडधाकट पाहिजे," दुसरी बाई म्हणाली. "नुसती येऊन उपयोग नाही."

"या की बघायला."

दातात खोबऱ्याचा तुकडा अडकला होता. तो दुपारपर्यंत निघाला नाही. घरी मित्राचा ताप उतरला होता. तिनं भाकरी मागितली, दूध मागितलं आणि बाहुली कुठं गेली ते विचारलं.

"सुक्यात," मी म्हटलं.

*

सोमवार.

सकाळी ऊन होतं. मी मागच्या पायरीवर उभी होते. दोन्ही हातांनी दांडा धरलेला. जाकिटाखाली खाकी स्वेटर. मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, परत बघितलं, आणि गाडी एवढी सावकाश घेतली की मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली.

गल्ली उभी होती. ओट्यांवर, दारांत, माडीच्या खिडक्यांत. लग्नाची वरात बघायला उभे राहतात तशी. भोंगा चालू होता, मी पायरीवर उभी होते, आणि साळी गल्लीतलं एकही माणूस दुसरीकडं बघत नव्हतं. आई असती तर तिनं काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. मी आईच्या वाटचीसुद्धा ताठ उभी राहिले.

तिकटीवर गाडी थांबली. मी उतरले. कोपरा स्वच्छ होता. धुतलेला, कोरडा, रिकामा.

"स्वेटर का गं?" समोरच्या ओट्यावरून प्रश्न आला.

"पायरीवर वारा लागतो."

"आवाज का बसलाय?"

"काल तुमच्याशी बोलून."

थोडं हसू. पण सगळे काकूंकडे बघत होते. काकू हिरवी बादली घेऊन पायऱ्या उतरल्या. माझ्यासमोर आल्या. मी सुतळी धरायला हात पुढं केला, तर त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि माझं मनगट धरलं.

बराच वेळ धरलं.

माझ्या तोंडाकडे बघितलं. मीही बघितलं. काकूंचे डोळे घारे होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग त्या गल्लीकडे वळल्या आणि माडीच्या खिडक्यांपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गार आहे हात! ठणठणीत आहे बाई!"

गल्लीतून एकदम कालवा उठला. कुणी टाळीसुद्धा वाजवली. काकूंनी हात सोडला, बादली माझ्याकडे न देता स्वतः गाडीपाशी नेली आणि मामांकडे दिली. "ओला आहे," त्या म्हणाल्या. "बघून घ्या, नाहीतर मेण लावलेलं निघायचं."

त्या दिवशी मामा प्रत्येक दारात खाली उतरत होते. बादल्या तेच घेत होते. "आज माझी पाठ मोकळी करायचीय," असं त्यांनी दोघाचौघांना सांगितलं. मी गाडीशी उभी राहून "ओला, सुका" म्हणत होते.

साहेब आले. पायी. मुकादम मागं, एमएटी चक्क बंद.

"इथं काय होतं?" साहेबांनी कोपऱ्याकडे बघत विचारलं.

"काही नाही, साहेब," मी म्हटलं.

ते पुढं गेले. एवढंच.

ते वळतात न वळतात तोच काकूंचा थोरला, सुभाष, ऑफिसच्या कपड्यांत पिशवी घेऊन नेहमीसारखा कोपऱ्याकडे निघाला. काकूंनी ओट्यावरून उतरून त्याचा हात धरला. हातातली पिशवी सोडेपर्यंत धरून ठेवला.

"आई, उशीर होतोय."

"गाडी समोर उभी आहे. तिच्या हातात दे. आणि ओलं-सुकं वेगळं करून दे. शिकलायस ना तू?"

गल्ली संपल्यावर पाण्याच्या टाकीमागं मामांनी गाडी थांबवली. थर्मासमधला चहा दिला. मग पुढचं दार उघडून धरलं.

"बस पुढं."

मी कधी पुढं बसत नसे. त्या दिवशी बसले. मामांनी खिडकीची काच वर केली.

दुपारी सुभाष आमच्या वस्तीत आला. कपाळाला आठ्या, हातात स्टीलचा डबा. "आईनं दिलाय," म्हणाला आणि गेला. डब्यात मऊ भात होता, वर तूप, वर मेतकूट. हावळांच्या घरातून आमच्या वस्तीत त्याआधी कधी काही आलं नव्हतं.

*

काकू पुढं जगल्या तोवर त्या ओट्यावर बसल्या. त्यांनी किती जणांचे हात धरले असतील. नवी सून आली की तिला आधी तो कोपरा दाखवायच्या: "इथं नाही. का ते विचारू नकोस." सोमवारबद्दल त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. डबा मी घासून, त्यात मूठभर साखर घालून परत दिला.

दस्तगीरमामा निवृत्त झाले. मी अजून गाडीवर आहे. पायरीवर आता दुसरी उभी राहते, मी चालवते.

रोज साळी गल्लीच्या तिकटीवर वळताना मी त्या कोपऱ्याकडे बघते. तिथं झाड लावलेलं नाही, बाक ठेवलेला नाही, पाटी नाही. तिथं काही नाही. येणारेजाणारे त्या जागेवर पाय देऊन जातात. गावातली दुसरी कुठलीही जागा मला एवढी माझी वाटत नाही.

सोमवारी पहाटे, घरातून निघताना, थर्मामीटरमधला पारा एकशे तीनवर होता.